खांबाला वळसा

ठण्ण!

दुपारच्या सामसुमीत डब्याचं झाकण गॅसच्या सिलिंडरवर आपटलं आणि आतल्या खोलीत नुकताच डोळा लागलेली चार वर्षांची पोर ओरडली, "गोल?"

"नाही गं, सिलिंडर," तिची आई म्हणाली. पायांत मोजे, हातात फरशी पुसायचा दांडा आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव.

"फरशी पुसतेयस की तिचा जीव घेतेयस?" सासूबाईंनी पेपरामागून विचारलं.

सून देशाच्या आइस हॉकी संघात होती. देश असा, की बाराही महिने पंखा बंद करायची सोय नाही आणि बर्फ दिसलाच तर सरबतात. ज्यांना चाकांच्या बुटांवर उभं राहता येत होतं, त्या सगळ्याच संघात निवडल्या गेल्या होत्या. गोलकीपर दातांची डॉक्टर होती, त्यामुळे पडलेल्या दातांची सोय घरातल्या घरात. तीन वर्षांत संघाने मार खाल्ला पोटभर, गोल मात्र एकही केला नव्हता.

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. "ऐक. स्पर्धेचे आठ दिवस पोरीला मी बघते. पण एक गोल करून ये. एकच. झाला तर पुढच्या वर्षीही बघेन, चकार शब्द काढणार नाही. नाही झाला, तर ते पात्यांचे बूट माळ्यावर. माझे गुडघे काही तुझ्या हॉकीला वाहिलेले नाहीत."

"चकार शब्द नाही? तुम्ही, आई?"

"एका वेळी एकच चमत्कार माग."

सराव चाले बर्फाच्या कारखान्यात. मागच्या दालनात जमिनीवर पाणी सोडून गोठवायचं आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर घसरायचं. अडचण एवढीच, की दालनाच्या ऐन मध्यावर सिमेंटचा गलेलठ्ठ खांब होता. कोणाचं डोकं फुटू नये म्हणून त्याला जुन्या गाद्या गुंडाळल्या होत्या. पोर सरावाला आली की स्वेटर घालून, स्टुलावर बसून त्याला टेकायची. तिने त्याचं नाव ठेवलं होतं जाड्या.

"याला काढत का नाही?" तिने एकदा विचारलं होतं.

"अगं, त्याने छत धरलंय. तो गेला तर सगळं आपल्या डोक्यावर."

तेव्हापासून निघताना पोर जाड्याला थोपटून बजावायची, "नीट धर हं."

अख्खा संघ घसरायला शिकला तो जाड्याभोवती. पास त्याच्या डावीकडून द्यायचा, पळायचं उजवीकडून. कोच सर, एरवी शाळेत पीटी घेणारे, फळ्यावर डाव मांडताना आधी जाड्या काढायचे आणि मग माणसं.

परदेशातलं मैदान पाहून सगळ्यांचे डोळेच विस्फारले. पांढरंशुभ्र, अफाट, आणि मधे काहीही नाही.

शिट्टी वाजली. रबरी चकती तिच्या काठीशी आली, ती सुसाट सुटली आणि ऐन मध्यावर तिच्या पायांनी आपोआप गर्रकन वळसा घातला. मागून येणाऱ्या, संघातल्या शिंपीणबाईंनीही घातला. त्यांच्या मागच्या सगळ्यांनीही.

"अगं सरळ जा! खांब नाहीये!" सर बाकावरून कोकलले.

"माहितीये, सर!" ती ओरडली आणि पुन्हा वळसा घालून आली.

समोरच्या संघातल्या मुली बर्फातच रांगत मोठ्या झालेल्या. आधी त्या पोट धरून हसल्या. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतक्या सगळ्या जणी एक जागा टाळतात म्हणजे तिथे काहीतरी असणार. बर्फ कच्चा असला तर? विषाची परीक्षा घ्या कशाला! शेवटच्या सत्रात त्याही गुपचूप वळसे घालू लागल्या.

तोवर सतरा-शून्य झाले होते. आता मिनिटभरच उरलं होतं. चकती पुन्हा तिच्याकडे आली. दोन्ही संघ त्या रिकाम्या जागेच्या डावी-उजवीकडे पांगलेले, आणि मधून गोलपर्यंत सरळ, मोकळी वाट. तिच्या डोळ्यांपुढे माळा आला, माळ्यावरचे बूट आले. पाय मात्र सवयीने वळायलाच लागले.

"जाड्या, सरक रे बाबा," ती पुटपुटली. डोळे गच्च मिटून ती थेट खांबातून गेली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून काठी फिरवली.

डोळे उघडले तेव्हा चकती जाळ्यात होती. चकतीच्या मागोमाग ती स्वतःही. सतरा गोलांनी जिंकायला आलेला संघ अवाक होऊन बघत राहिला, आणि हरलेल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या.

घरी सासूबाईंनी दारातच गाठलं. "झाला?"

"झाला, आई."

सासूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सुनेच्या हातातले बूट घेतले, पदराने पाती पुसली आणि बूट खालच्या कप्प्यात आपल्या चपलांशेजारी नीट लावून ठेवले. मग कण्हत खुर्चीत टेकल्या आणि गुडघे चोळू लागल्या.

पोर आईच्या मांडीत शिरून सगळी गोष्ट ऐकत होती.

"आणि शेवटच्या दिवशी आम्ही निघालो ना," आई सांगत होती, "तरी त्या मुली मैदानाच्या मध्यावर आल्या की वळत होत्या."

"म्हणजे जाड्या खरंच तिकडे आला होता?"

"आला असणार. सरक म्हटलं तर सरकला शहाण्यासारखा."

पोरीने वर छताकडे पाहिलं, मग गुडघे चोळणाऱ्या आजीकडे, मग पुन्हा आईकडे.

"पण आई," ती म्हणाली, "तू पण तिकडे, जाड्या पण तिकडे. मग इथलं छत कोणी धरलं होतं?"