सहा इस्पिकांवर डबल

गेल्या दिवाळीनंतर मिरजेहून परत येताना सुभेदार नानासोंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि शेजारी बसलेल्या मेव्हण्याच्या, धुळाच्या, तोंडावर मूठ मारली. धुळाचा दात तुटून जिभेवर आला. कारण एवढंच, की दुपारच्या ब्रिजच्या डावात धुळानं चुकीची उतारी केली होती. धुळानं दात खिडकीबाहेर थुंकला आणि म्हणाला, "चुकलं दाजी." नानासोंनी त्याला स्वतःचा रुमाल दिला, गाडी सुरू केली आणि वाटेत उसाचा रस पाजला.

दाताचं धुळाला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सांगलीत बहिणीच्या घरी गेला, तर राही डाव्या हातानं भाकरी थापत होती. उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं.

"मोरीत घसरले," राही म्हणाली.

धुळाला कळायचं ते कळलं. गाडीतला ठोसा नुसता वानोळा होता. बाकीचं घरी पोचलं होतं.

ही सोयरीक धुळानंच जमवलेली. म्हसवडकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला तो, फौजेत भरती झाला तो साहेबांच्या मेसमध्ये वाढपी म्हणून. साहेबांच्या खुर्चीमागं ट्रे धरून उभा राहायचा आणि उभ्या उभ्या ब्रिज शिकला. नानासो त्याच पलटणीतले, त्याच मुलखातले, कडक इस्त्रीचे. आपल्या बहिणीला असा नवरा मिळाला म्हणून धुळानं तेव्हा सगळ्या मेसला पेढे वाटले होते. आता दोघांची पेन्शन चालू होती आणि दोघं जोडीदार म्हणून गावोगावच्या स्पर्धा खेळत होते. धुळा जीव तोडून खेळायचा. लोकांना वाटायचं, ह्याला ब्रिजचं वेड आहे. खरं म्हणजे तो बहिणीची हाडं वाचवायला खेळत होता. जिंकलं की आठवडा बरा जायचा. मग आमटीत मीठ कमी पडायचं, नाहीतर दार उघडायला उशीर व्हायचा, आणि पुन्हा तेच.

एकदा त्यानं राहीला पोलीस ठाण्यात नेलं. तिथंही ती हवालदाराला म्हणाली, "घसरले साहेब." बाहेर आल्यावर धुळा चिडला. राही म्हणाली, "शिवाला काय तोंड दाखवू? त्याला बाप म्हंजे देव हाय. कळायचंच असंल तर त्याच्या डोळ्यानं कळू दे दादा. माझ्या तोंडानं न्हाई."

शिवतेज, तिचा मुलगा, पुण्यात इंजिनियर होता. धुळानं त्याला फोनवर सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मामा, आबांनी मला आयुष्यात एक चापट मारली नाही. तुम्ही जळता त्यांच्यावर. ते सुभेदार झाले, तुम्ही ट्रे उचलत राहिलात." आणि फोन ठेवला.

आणि आता दोन दिवसांनी शिवतेज तीन वर्षांसाठी जर्मनीला निघणार होता. मग सुट्टीला येणारा पोरगाही नाही, त्या घरात दोघंच राहणार होते, नानासो आणि राही.

जायच्या आधी बापाचा खेळ बघायला म्हणून तो आष्ट्याला आला. तिथल्या एका मंगल कार्यालयात स्पर्धेचा अंतिम सामना होता. दुपारचे तीन वाजले होते. समोर साताऱ्याची बापलेक जोडी: उदयसिंह वकील आणि त्यांची राजेश्वरी. शिवतेज बापाच्या मागं खुर्ची टाकून बसला. गुणफलक बरोबरीत आला आणि शेवटचा डाव वाटला गेला.

ह्या खेळात तोंडानं बोलायची सोय नाही. बोलीची कार्डं टेबलावर मांडायची. राजेश्वरीनं सुरुवातीला चौकट मांडली. वकिलांनी इस्पिक. चढत चढत बापलेक सहा इस्पिकांवर गेले, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरातले बारा हात करायची हमी. नानासोंनी मिशीवरून बोट फिरवलं आणि लाल कार्ड मांडलं. डबल, म्हणजे बोली पडणार ह्यावर दुप्पट गुणांची पैज.

पहिली उतारी धुळाची होती. त्याच्या हातात बदामचा राजा, राणी, गुलाम ओळीनं उभे. कालच पत्ते शिकलेला माणूसही राजा टाकेल. पण ते लाल कार्ड वेगळंच सांगत होतं. एवढ्या मोठ्या बोलीवर जोडीदारानं डबल दिलं, तर त्याचा अर्थ ठरलेला: नेहमीची उतारी करू नको. डमी होणारा, म्हणजे पत्ते टेबलावर उघडे मांडणारा गडी पहिल्यांदा जो रंग बोलला, तो टाक. माझ्याकडं तो रंगच नाही, मी हुकमानं मारतो. राजेश्वरी पहिल्यांदा चौकट बोलली होती. धुळाकडं चार बारीक चौकट होत्या. त्यातली कुठलीही टाकायची, नानासो मारणार, मग किलवरचा एक्का वाजवणार आणि बोली पडणार. चषक आपला.

धुळानं चौकटच्या दुर्रीला बोट लावलं.

चौकट टाकली तर राहीचा एक आठवडा बरा. शिवतेज बापाच्या गळ्यात पडेल, पेढे खाईल आणि विमानात बसेल. त्यानंतर तीन वर्षं.

बदाम टाकला तर? दाजी हरणं सोसतात, पण दिलेला हुकूम मोडलेला त्यांना सोसत नाही. भडकतील. इथं, पोराच्या पुढ्यात. पण नाही भडकले तर? राग गिळून गाडीत बसले आणि घरी गेले तर? शिवा मित्रांना भेटायला जाईल आणि दार आतून बंद होईल. धुळाच्या काखेत घाम सुटला. मेंढीच्या पोटात हात घालून आडवं कोकरू काढताना सुटतो तसा. आत काय लागेल, दिसत नाही. हात घालावा लागतो.

त्यानं पत्ता काढून पालथा ठेवला. नियम तसाच आहे. उतारी आधी पालथी ठेवायची, जोडीदारानं मान हलवली की सुलटी करायची. नानासोंनी हसून मान हलवली.

धुळानं पत्ता उलटला. बदामचा राजा.

नानासोंचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त कानशिलावरची शीर उठली. वकिलांनी एक्क्यानं राजा मारला, सगळे हुकूम ओढून काढले, डमीच्या चौकटी सरळ चालवल्या आणि अखेरीस किलवरच्या एक्क्याला तेवढा एक हात दिला. बारा झाले.

"नशीब आमचं," वकील म्हणाले.

"छान खेळलात," नानासो म्हणाले. त्यांनी बापलेकीशी हात मिळवले, पत्ते जुळवून ठेवले आणि उठून शर्ट सारखा केला. मग धुळाच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "चल. राहीनं वाटली डाळ केलीया. घरी जाऊन बोलू."

माणसानं राग गिळला होता. तो आता घरी जाऊन ओकणार.

धुळा उठला नाही. सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलला. "दाजी, मला समजलं हुतं."

"काय?"

"तुमी चौकट मागितली. माझ्याकडं चार हुत्या. मी दिली न्हाई."

"का?"

"मनाला आलं म्हणून."

टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता. तो कधी उचलला, कुणाला दिसलं नाही. पहिला घाव कानावर बसला, पाणी आणि रक्त एकदमच उडालं. राजेश्वरी किंचाळली. धुळा टेबलावर कोसळला, तशी नानासोंनी त्याचा उजवा हात धरून दाबला आणि जगाच्या बुडानं बोटांवर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला. धुळानं दुसरा हात उचलला नाही.

"आबा!" शिवतेजनं मागून मिठी घातली. नानासोंचं कोपर मागं आलं आणि पोराच्या नाकातून रक्त वाहायला लागलं.

"मधी पडू नको शिवा! ह्या भावंडांची एकच खोड हाय. हाड मोडल्याबिगर ऐकत न्हाईत! तुझ्या आईचं मनगट मोडलं तवा कुठं ती…"

ते थांबले.

"मनगट?" शिवतेज नाक धरून म्हणाला. "आई मोरीत घसरली होती ना?"

नानासोंनी जग टेबलावर नीट ठेवला, मुठीला धरून. मग वकिलांनी आणि आणखी दोघांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कुणीतरी पोलिसांना फोन केला. राजेश्वरीनं ओढणी फाडून धुळाचा हात आणि डोकं बांधलं. "काका, दवाखाना आधी," ती म्हणाली. धुळा म्हणाला, "आधी सांगली."

गाडी शिवतेजनं चालवली. निम्म्या वाटेवर त्यानं विचारलं.

"मामा, चौकट टाकली असती तर?"

"जिंकलो असतो."

"आणि मग?"

"मग तू जर्मनीला गेला असतास."

राहीनं दार उघडलं. आधी तिनं दोघांच्या मागं बघितलं, फाटकापर्यंत. मग भावाचा हात बघितला, पोराचं नाक बघितलं.

"त्यांनी?"

"व्हय," धुळा म्हणाला.

"समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर."

ती पायरीवरच बसली. शिवतेज तिच्यापुढं खाली बसला आणि तिची बाही वर करू लागला. तिनं ती करू दिली. मनगटाच्या वाकड्या जुळलेल्या हाडावरून त्यानं बोट फिरवलं. मग म्हणाला, "आई, सामान भर. पुण्याला चल. मी कुठंच जात नाही."

"मी का जाऊ?" राही म्हणाली. ती पायरीवरून उठली. "ह्या भिंती बांधताना दोन म्हैने पाणी मी मारलंय. त्यांचं सामान काढ. वर्दीची पेटी पैली."

पेटी जड होती. एक कडी शिवतेजनं धरली, दुसरी धुळानं डाव्या हातानं. फाटकाबाहेर, भर उन्हात, शेजारपाजारचे बघत असताना त्यांनी ती ठेवली. राही पाठोपाठ आली, दोघांना आत घेतलं आणि फाटकाची कडी लावली. मग नीट बसली का, म्हणून तिनं ती ओढून बघितली. पुन्हा एकदा ओढून बघितली.