हिरवा बांध, लाल बांध

माझं यंत्र खोटं बोलत नाही, असं मी सगळ्या मोजणी-कचेरीला ठणकावून सांगितलं होतं. त्यामुळे डोंगरावरचा तिसरा बांध यंदाच्या नकाशात गेल्या वर्षीपेक्षा हातभर आत दिसला, तेव्हा माझी चांगलीच पंचाईत झाली. दगडी बांध काय चालत जातो? पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. ड्रोन उडवणाऱ्या बिचाऱ्यावरही डाफरले. घरी नवरा म्हणाला, "आमच्या घराण्यात माणसं जागची हलत नाहीत, बांध कसा हलेल?"

कारण डोंगर माझ्या सासरचाच. पायऱ्या-पायऱ्यांची शेती, प्रत्येक पायरीला दगडी बांध, आणि हे सगळं आता थोरल्या जाऊबाई एकट्या सांभाळतात. आमच्या नकाशात रंग दोनच: जुना बांध हिरवा, नवा किंवा नव्याने रचलेला लाल. हिरवे जास्त निघाले तर डोंगर जतन होणार. लाल जास्त निघाले तर नवा रस्ता थेट जाऊबाईंच्या शेतातून जाणार. म्हणून तर हे काम मी साहेबांकडून हट्टाने मागून घेतलं होतं. आता बसा बोंबलत.

शेवटी डोंगरावर गेले. जाऊबाई चौथ्या पायरीचा धडधाकट बांध उतरवत होत्या. लहानमोठे दगड वेगवेगळे लावून ठेवत होत्या.

"अहो जाऊबाई, हे काय? बांध पडलेला नाहीये."

"पडेपर्यंत कशाला थांबायचं? माती वाहून जायला?" त्या म्हणाल्या. "दर वर्षी एक घ्यायचा. उतरवायचा, मागची माती मोकळी करायची, जरा आत घेऊन परत रचायचा. सासूबाई हेच करायच्या. त्यांच्या सासूबाईसुद्धा."

"मग यातला जुना कुठला?"

"सगळेच जुने."

"आणि नवा?"

त्यांनी एक दगड उचलला. "हा दगड गेल्या वर्षी वरच्या बांधात होता. त्याला काय म्हणायचं ते तुझं तू बघ. हा धर जरा."

मी धरला. डोकं नुसतं भणभणत होतं. नियमाने बघावं तर अख्खा डोंगर लाल, आणि समोर बघावं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मधलं काही नसतं. एक रंग सांगा."

मी हिरवा सांगितला. खरं सांगितलं की खोटं, मला अजून कळलेलं नाही. जाऊबाईंचं शेत राहिलं पाहिजे, एवढंच तेव्हा कळत होतं.

डोंगर वाचला. रस्ता पलीकडून गेला. जाऊबाईंनी तोंडभरून आशीर्वाद दिले आणि मी घरभर मिरवून घेतलं. मग पायथ्याशी फलक लागला: ऐतिहासिक बांध, दगड हलवल्यास कारवाई होईल. खाली नकाशा करणारीचं, म्हणजे माझं नाव.

पुढच्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, जाऊबाईंचा फोन आला. आवाज कधी नव्हे तो दबलेला.

"अगं, पाचव्या बांधाला पोट सुटलंय, दगड पुढे आलेत. पाऊस लागला की बसेल तो. हात लावू का?"

आजवर या बाईने दगड उचलायला कुणाला विचारलं नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा नाही. मला रडूच यायला लागलं. लावा म्हणावं तर गुन्हा, नको म्हणावं तर शेत जाणार.

"थांबा, साहेबांना विचारते," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि खरंच थांबल्या.