काकांच्या खिशातली घासपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी घासपट्टी आहे. नाक मुरडू नका! काडेपेटीच्या कडेला खरखरीत तपकिरी पट्टा असतो ना, त्याच कुळातली मी. फक्त अंगाने दांडगी. मला लाकडाच्या फळीवर चिकटवलं काकांनी. जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिलेले काका. निवृत्तीनंतर कुणी बाग करतं, कुणी भजनं म्हणतं. यांना शोभेच्या बाणांचं वेड लागलं.

त्यांच्या बाणांच्या वातीला टोकाशी काडीसारखं गूल असे. ते माझ्यावर ओढलं की फुर्रकन पेटलंच, वारा असो नाहीतर नसो. सगळी वसाहत माना वर करून बघायची. "काय बाण गेला हो!" म्हणायची. माझं नाव कुणी घेत नसे, पण काकू घरी आल्यावर मला कोरड्या फडक्याने पुसायच्या. तेवढ्यावर मी खूश होते.

घरात एक कायदा होता, आणि तो काकूंचा होता. वाती काकांच्या खिशात, मी काकूंच्या कमरेच्या पिशवीत. "या दोघी सवती आहेत. एका घरात नांदायच्या नाहीत," त्या म्हणायच्या. त्यामुळे मैदानावर दोघांनी जायचं, नाहीतर कुणीच नाही. काका हसायचे, पण मोडायचे नाहीत.

एका संध्याकाळी काकूंना आजारी बहिणीकडे जायचं होतं. काका म्हणाले, "बाण तयार आहे. तुझी बहीण काय पळून जाते?"

झालं! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मला टेबलावर आपटलं. "जा मग तुमचे तुम्ही!" म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

काका दाराशी थांबले. दोनदा खोकले. तो खोकला म्हणजे काकांची माफी होती, हे त्या घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं. काकू उठल्या नाहीत. मग काकांचंही नाक लाल झालं. "मला काय हात नाहीत?" असं पुटपुटत त्यांनी मला उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. वातींच्या जुडीशेजारी.

मी ओरडले असते हो! पण लाकडाला कुठला आवाज?

मैदानाची भिंत बुटकी आहे. बाण पलीकडे गवतावर ठेवून काका छाती टेकवून वर चढू लागले. खिसा दगडावर घासला, वाती माझ्यावर घासल्या. एक पेटली आणि तिच्याबरोबर सगळी जुडी. शर्ट नायलॉनचा. लोक पाणी घेऊन धावले, पण तोवर तो अंगाला चिकटला होता.

काका इस्पितळातून घरी आले नाहीत. मी आले, अर्धी जळून. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, फेकून द्या ती अवदसा." काकूंनी मला डब्यात ठेवलं. परवा झाकण उघडून मला म्हणाल्या, "ते दोनदा खोकले होते गं. मी ऐकलं होतं."

मित्रांनो, विस्तवाशी खेळताना विषाची परीक्षा घेऊ नका. आणि भांडायचं तर खुशाल भांडा, पण दोघांनी मिळून पाळायचा नियम रागाच्या भरात एकट्याने मोडू नका. दाराशी कुणी खोकलं, तर आधी उठून ओ द्या. राग नंतरही करता येतो.

काकू अजून संध्याकाळी बाहेर पडताना कमरेची पिशवी चाचपतात. ती रिकामीच असते.