एकोणीस ऑगस्टची चौकट

मी तारखेची चौकट बोलतेय. प्रोग्रामर ज्या टूलमध्ये फॉर्म रचतात, त्याच्या डाव्या बाजूला टूलबॉक्स नावाची एक पेटी असते. तिच्यात बटणं, याद्या, रकाने अशी मंडळी ओळीनं बसलेली असतात. फॉर्मवर जे हवं ते पेटीतून ओढून आणायचं. बाकी सगळी टूलसोबत आलेली. मी मात्र याच ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर जन्मले.

मला घडवलं मास्तरांनी. ते शाळेत कधीच शिकवत नव्हते, पण इथल्या प्रत्येकाला काम त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. ऑफिस दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवायचं. टूलमधली तयार चौकट इतकी बारीक की परिचारिकांना चष्मा लावूनही दिसेना. मास्तर तीन आठवडे माझ्यामागे लागले, तेव्हा कुठे माझे आकडे मोठे आणि ठसठशीत झाले.

त्यांनी माझ्यात एक गोष्ट मात्र जास्तीची ठेवली. मला फॉर्मवर ओढलं की मी कोरी येत नसे. एकोणीस ऑगस्ट ही तारीख, चालू सालाची, आधीच भरलेली असे. ती त्यांच्या मुलीची जन्मतारीख. मुलगी नऊ महिन्यांची असतानाच वारली. घरी तिचा विषय काढला की बायकोच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून मास्तरांनी बोलणंच सोडलं. रोज सकाळी ऑफिसात आले की ते मला एकदा ओढून घेत, बघत, आणि तारीख हलकेच पुसत. पुसताना जे पुटपुटत, त्यावरूनच मला हे सगळं कळलं.

त्यातून ऑफिसात रीतच पडली. 'आधी पुसा, मग वापरा.' नवीन माणसाला चहा कुठे मिळतो हे सांगायच्या आधी हे सांगत. का पुसायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मास्तरांचा चेहरा बघून विचारायची कुणाची छातीच झाली नाही.

एकदा मास्तरांचं मशीन बिघडलं आणि त्यासोबत मीही गेले. त्यांनी जेवणसुद्धा न करता मला पुन्हा घडवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मास्तरांनी मला तीन ठिकाणी ठेवलं, आणि टूल सुरू झालं की त्यातली कुठलीही एक प्रत शोधून मला पेटीत आणून बसवेल अशी सोय करून दिली.

मग मास्तर निवृत्त झाले. त्यांची खुर्ची ताईकडे आली. ताई त्यांची सगळ्यात लाडकी शिष्या. ती मला पुसायला कधी विसरत नसे. एकदाच विसरली.

त्या दिवशी तिला फोनवर फोन येत होते. डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म घाईत पुरा करताना मला पुसायचं राहून गेलं. मी कोरी असते तर प्रोग्रामनं परिचारिकेला अडवलं असतं, 'पुढच्या तपासणीची तारीख भरा' म्हणून. मी भरलेली दिसले, म्हणून त्यानं जाऊ दिलं. चार ऑगस्टला ऑपरेशन झालेल्या एका आजींच्या चिठ्ठीवर आठ तारखेच्या जागी एकोणीस छापून गेलं.

ताई नंतर आजींना भेटून आली. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला ती सांगत होती.

"मी म्हटलं, आजी, दुखत होतं तर आधी का नाही आलात? तर म्हणाल्या, अगं बाई, ठणका तर फार होता, पण कागदावर एकोणीस लिहिलेलं. आधी गेले असते तर डॉक्टर रागावले असते."

आजी बरोबर एकोणीसला, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. तोवर तो डोळा गेला होता.

मला हात नाहीत, नाहीतर मी तोंड झाकून घेतलं असतं.

मला काढायचं ठरलं. आणखी कुणी विसरलं तर? शिवाय टूलच्या नव्या आवृत्तीत मोठ्या आकड्यांची चौकट आयतीच आली होती. आज सकाळी ताईनं मला पेटीतून काढलं. टूल बंद करून पुन्हा सुरू केलं, तर मी जागेवर. तिनं पेटी मुळासारखी करून पाहिली, मी परत. एक प्रत सापडली, दुसरी सापडली, दोन्ही तिनं पुसल्या. तरी मी हजर! पोत्यात घालून लांब सोडलेलं मांजर दारात यावं, तशी.

"जित्याची खोड," सहकारी म्हणाला. "मेल्याशिवाय जायची नाही."

ताई हसली नाही. तिनं मास्तरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मास्तर, ती परत परत येतेय."

"येणारच. तीन ठिकाणी ठेवलीय मी." आजींचं त्यांना ताईकडून आधीच कळलं होतं. "आजींचा दुसरा डोळा?"

"चांगला आहे."

"बरं. मुख्य फोल्डरमध्ये 'चिमणी' म्हणून एक फोल्डर आहे बघ. आमच्या मुलीला आम्ही चिमणी म्हणायचो. एकोणीस ऑगस्टची होती ती."

ताईचा हात थांबला. इतकी वर्षं मला पुसताना आपण काय पुसत होतो, हे तिला आज कळलं.

"मास्तर, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? ऐक, काढायच्या आधी एकदा ओढशील? आणि वाच."

ताईनं मला कोऱ्या फॉर्मवर ओढलं आणि मोठ्यानं वाचलं, "एकोणीस ऑगस्ट."

"हं."

"कुठे लिहून ठेवू का, मास्तर? कागदावर वगैरे?"

"नको गं. मला पाठ आहे. हिलाही पाठ आहे." मागून त्यांच्या बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. "काढ आता."

मी हट्टी आहे, असं सगळ्यांना वाटलं. मला वाटायचं, मी गेले तर ती तारीख जगात कुठेच उरणार नाही. म्हणून टूलनं हाक मारली की मी धावत यायचे. त्यांना पाठ आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माउसचा बाण 'चिमणी'तल्या तिसऱ्या प्रतीवर आलाय. ताईला नीट दिसत नाहीये, डोळे भरलेत तिचे.

पूस, ताई. आता मी नाही येणार.