बशीतली धडधड

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जो गुणगुणतोय ना, तो जुना इनक्युबेटर मीच. कारखान्यात मला काचेचं दार मिळालं, तांब्याच्या फळ्या मिळाल्या आणि एकच धर्म मिळाला: आतली ऊब आईच्या पोटाइतकी राखायची. तो मी वर्षानुवर्षं पाळला. पाहुणे आले की प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारत. पुढे नवी यंत्रं आली आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी साचली.

तरी बाईंचा खरा ठेवा माझ्याच पोटात होता. उंदराचा गर्भ नुसता एक पोकळ चेंडू असतो, तेव्हा त्याच्या आत पेशींचा इवलासा पुंजका असतो. हृदय, हाड, मेंदू, काहीही होऊ शकेल असा. तसल्या पेशी बाईंनी बशांमध्ये जपल्या होत्या. तो वाण दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. त्यांच्या गुलाबी खुराकात एक औषध घालावं लागे. ते मिळेतोवरच पेशी कोवळ्या राहत. रीत अशी, की औषध घातलं की खुराकाच्या बाटलीच्या झाकणावर लाल ठिपका द्यायचा.

बाई परगावी गेल्या. खुराकाचं काम शेजारच्या विभागातून उसने आलेल्या तात्यांकडे आलं. बाई परतल्या त्या सकाळी तात्या सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढताच म्हणाले,

"बाई, या लवकर. तुमच्या लेकरांनी ताल धरलाय."

बाईंनी डोळा लावला. बशीत हृदयाच्या पेशी धडधडत होत्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तात्या, औषध घालत होतात ना?"

"झाकणावर ठिपका होता की. दुप्पट कशाला घालू?"

"तो मी दिला होता, पण औषधाचा नव्हे. बाटली माझी, कुणी हात लावू नये म्हणून."

तात्यांनी बाटली उचलून ठिपका पुन्हा पाहिला. ऊब तर मी तसूभरही ढळू दिली नव्हती, मग हे झालं कसं? दोघांनी एकूण एक बशी धुंडाळली. कोवळी पेशी एकही सापडली नाही. आणि एकदा हृदय झालेली पेशी आपणहून मागे फिरत नाही.

"टाकून देऊ?" तात्यांनी हळूच विचारलं.

"धडधडतंय हो ते. ठेवा परत आत."

मित्रांनो, ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, त्याला जपायला नुसती माझी ऊब पुरत नाही. खुणेवर भिस्त ठेवू नका, तोंडाने विचारा. विचारायला एक शब्द लागतो, बाबांनो. तो कुणीच उच्चारला नाही. माझ्या फळीवर ते अजून धडधडतंय, आणि दार उघडून बघायचं बाईंना धाडस होत नाही.