काचेपासून लांब

वेंडल हापालाच्या मिशीवर बर्फ धरला होता आणि डोक्यात मात्र जाळ पेटलेला. स्टेडियमच्या सगळ्यात पुढच्या रांगेत, कठड्याला पोट टेकून तो उभा होता, आणि त्याला दिसत काय होतं? फळ्या! बर्फाच्या रिंकभोवतीच्या पांढऱ्या फळ्या, वरच्या काचेवर चमकणारं ऊन, आणि मधूनमधून सरकणारी हेल्मेटं.

"फळ्या बघायला आलोय का मी एवढ्या लांबून?" तो ओरडला.

शेजारची बाई हॉट चॉकलेट फुंकत म्हणाली, "फुटबॉलचं मैदान ना हे. इथे बर्फावरची हॉकी बघायची तर वर बसावं लागतं. आमच्या नशिबी खालच्याच खुर्च्या आल्या, करणार काय?"

"माझ्या नशिबी नाही आली. मी मागून घेतली!"

आता हॉकीतला माणूस दुसरं काय करणार? जन्मभर त्याने पुढचीच रांग धरलेली. गावच्या रिंकवर वेंडलची जागा ठरलेली होती, गोलच्या मागे, काचेला नाक लावून. पोरगा केलन सहा वर्षांचा असल्यापासून गोलमध्ये उभा राहायचा आणि बाप त्याच्या पाठीशी. पोराचं चुकलं की वेंडल बोटातली लग्नाची अंगठी काचेवर ठोकायचा. टक टक टक. पण इथे कॉलेजने हौसेने बर्फ घातला होता तो फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध. पुढची रांग त्यापासून शेतभर लांब, आणि उंचीला फळ्यांच्या बरोबरीची.

बरं, केलनने तिकीट पाठवलं नव्हतं असं नाही. पाठवलं होतं, पार वरच्या एकसष्टाव्या रांगेतलं. पण शेजारच्या खुर्चीवर कोण? लाईल! वेंडलचा सख्खा धाकटा भाऊ, केलनच्या शाळेच्या संघाचा कोच. चार वर्षांपूर्वी राज्याच्या अंतिम सामन्यात याच लाईलने सख्ख्या पुतण्याला बाकावर बसवलं आणि दुसऱ्याच पोराला गोलमध्ये उभं केलं. सामना गेला. त्या दिवसापासून वेंडलने भावाचं नाव टाकलं. नाताळचं जेवणसुद्धा दोन घरांत. आणि केलन? कॉलेजात चारही वर्षं तो राखीव गोलरक्षक म्हणून बाकच गरम करत होता. एकदा पोरावर बसलेला शिक्का पुसतो कोण? हे त्याचं शेवटचं वर्ष. आज नाही तर कधीच नाही.

"त्या नालायकाच्या शेजारी बसण्यापेक्षा मी बर्फावर बसेन," वेंडलने घरी ठणकावलं होतं.

"बस," बायको रोन्डा म्हणाली होती. "पोराने प्रेमाने दिलेली जागा सोड आणि बस बर्फावर. तुझी तीच लायकी आहे."

सामन्याच्या तीन भागांपैकी दुसरा संपता संपता मुख्य गोलरक्षक खाली पडला तो उठेचना. मांडी धरून त्याला बाहेर नेलं. आणि मग भोंग्यातून आवाज घुमला, "गोलमध्ये येत आहे, क्रमांक एकतीस, केलन हापाला!"

"माझा पोरगा! अहो, माझा पोरगा आहे तो!" त्याने शेजारणीचा दंड धरून हलवला. चॉकलेट सांडलं. क्षणभर एक हेल्मेट दिसलं, मग गोलरक्षक वाकतात तसा केलन वाकला, आणि फळ्यांआड गडप.

सगळं स्टेडियम एकदम ओरडलं.

"काय झालं? गेला का? अडवला का?"

"मला काय ठाऊक? मला तरी कुठे दिसतंय!" बाई कोट पुसत फणकारली.

वेंडलने हातमोजा ओरबाडून काढला आणि अंगठी कठड्यावर आपटली. टक टक टक! कुत्रं ऐकेना. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर चाललं होतं आणि हा गाढव आंधळ्यासारखा उभा! कॉलेजच्या कोचला शिव्या घालून झाल्या, फळ्या लावणाऱ्याला घालून झाल्या, आणि मग तो वळला आणि दात-ओठ खात पायऱ्या चढायला लागला.

एकसष्टाव्या रांगेत पोचला तेव्हा तिसरा भाग सुरू झालेला आणि याला धाप लागलेली. लाईल बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर लाईलची घोंगडी आणि थर्मास. वर न बघताच त्याने दोन्ही उचलून मांडीवर घेतलं.

वेंडल बसला. रिंक ताटात वाढल्यासारखं समोर होतं. आणि त्यात केलन, सुटा, स्पष्ट.

"चार वर्षं सडला माझा पोरगा," वेंडल पुढे बघत म्हणाला. "तुझ्या कृपेने."

"कॉफी घे आणि गप बघ."

"का बसवलंस त्याला त्या दिवशी? आज सांगच!"

तेवढ्यात समोरून हॉकीची काळी चकती सणसणत आली, केलन डावीकडे उशिरा सरकला, आणि गोल. वेंडल ताडकन उठला. "अरे पाय! पाय हलव, मूर्खा!" अंगठी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपटायला त्याचा हात वर गेला, आणि लाईलने तो मनगटात पकडला.

"हीच!" लाईल ओरडला. "हीच अंगठी! मी नाही बसवला त्याला, कळलं? तो ओकत होता कपडे बदलायच्या खोलीत. माझे पाय धरले पोराने. म्हणाला, काका, मला बर्फावर नको उतरवू, बाबा काचेमागे आहेत. टक टक ऐकलं की पोटात गोळा यायचा त्याच्या!"

"खोटं बोलतोयस."

"तुला सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता त्याला. चार वर्षं शिव्या खाल्ल्या मी तुझ्या, त्या शब्दापायी!" लाईलने हात झिडकारला. "आणि हे तिकीट? काचेपासून एवढ्या लांबचं का काढलं, विचारलंस कधी? मला फोन केला त्याने. म्हणाला, बाबा मला दिसले पाहिजेत, काका, पण ऐकू यायला नकोत."

वेंडलला वाटलं, याच्या थोबाडीत ठेवून द्यावी. मग वाटलं, कोणाच्या तरी ठेवून द्यावी. पण आता उरलं होतं कोण?

खाली शिट्टी झाली. उघड्यावरच्या सामन्यात शेवटच्या भागाच्या मध्यावर संघ बाजू बदलतात, ऊन-वारा दोघांना सारखा सोसावा लागावा म्हणून. केलन अख्खं रिंक ओलांडून याच टोकाला आला. गोलसमोर थांबून त्याने मुखवटा वर केला आणि मान उचलून वर बघितलं.

"मघापासून बघतोय इकडे," लाईल म्हणाला. "मी हात हलवत होतो. पण खुर्ची रिकामी होती ना."

वेंडल उभा राहिला. त्याने अंगठीवर हातमोजा चढवला आणि हात वर केला. तोंडातून अक्षर काढलं नाही. खाली केलनने हातातली काठी उचलली, मुखवटा ओढला आणि वाकला.

वेंडल तसाच हात वर करून उभा होता.

"ओ काका, बसा की खाली!" मागून कोणीतरी खेकसलं.

आणि वेंडल बसला.