डेझी वर बघते

मी मुळातच संशयी बाई. दूधवाल्याच्या मापावर माझा संशय, कोळसेवाल्याच्या काट्यावर संशय, आणि सासूबाई गोड बोलल्या की त्या दिवशी तर मी जेवतानाही सावध असायची. त्यामुळे संक्रांत झाल्यावर एक दिवस आमचे हे दोरीला बांधलेली काळीकुट्ट कुत्री घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी कुत्रीकडे नाही, यांच्या तोंडाकडे बघितलं. काहीतरी लपवत होते. मला कळतं.

"ही डेझी," हे म्हणाले. "फिरोजशा सायबाची. वर्षभर आपल्याकडे ऱ्हवतली."

आमचे हे गिरणीत वायंडिंग खात्यात. नाव मी घेत नाही, चाळ त्यांना दौलत म्हणते. फिरोजशा साहेब त्यांच्याच गिरणीतले स्पिनिंग मास्तर, भायखळ्याला बंगला, शिकारीचा भारी नाद. गिरणीच्या फाटकावरची भटकी कुत्री यांच्या नुसत्या हाताच्या खुणेवर बसतात हे साहेबाने बघितलं, आणि विलायती जातीची ही कुत्री यांच्या गळ्यात घातली. बंदुकीने पाडलेलं बदक पाण्यातून उचलून आणायचं, हेच तिचं काम. वर्ष संपताना पुण्याकडच्या एका तळ्यावर तिची परीक्षा होणार होती. पास झाली तर तिच्या नावापुढे किताब. मी म्हटलं, वा रे वा! घोडपदेवच्या चाळीत उभ्या जन्मात कुणाच्या नावापुढे काही लागलं नाही आणि हिला किताब!

"शिकवणारा माणूस जिथे झोपतो तिथे कुत्री झोपेल," असं साहेबाचं म्हणणं. म्हणजे माझ्या चुलीपासून दोन हातांवर.

तरी मी तिची परीक्षा घेतलीच. एक अंडं जमिनीवर ठेवलं आणि लांब उभी राहिले. म्हटलं, खाते का बघू. यांनी तिचं नाव घेतलं, तशी ती गेली, अंडं तोंडात धरलं आणि यांच्या तळहातावर आणून ठेवलं. तडासुद्धा नाही. मी ते अंडं उजेडात फिरवून फिरवून बघितलं. मग मात्र गो बाय, माझा जीव तिच्यावर जडला. माझ्या घरात इतक्या हलक्या हाताने वस्तू उचलणारं दुसरं कुणी नव्हतं.

गिरणीची पाळी सुटली की हे तिला घेऊन चाळीमागच्या गल्लीत. सूत गुंडाळायच्या रिकाम्या बॉबिनला चिंध्या गुंडाळायच्या, वर बदकाचं पीस बांधायचं आणि ते बोचकं लांब फेकायचं. बोचकं पडताना तिने बघायचं, पण जागचं हलायचं नाही. यांनी "डेझी" म्हटलं की सुटायचं. नाव हाच हुकूम. कधी हे बोचकं आधीच भिंतीच्या भगदाडात नाहीतर जिन्याखाली लपवायचे, शिट्टी वाजवायचे आणि हात डावीकडे उजवीकडे करून तिला तिकडे धाडायचे. पावसाळाभर हेच चाललं. दिवाळीनंतर खाडीवर बदकं उतरली तशी साहेबाची जीप रविवारी फाटकाशी यायला लागली. हे कमरेपर्यंत चिखलात भरून परत यायचे, पिशवीत एखादं रानबदक, आणि डेझी थंडीने कुडकुडत पण अशी ऐटीत की जणू तिनेच नेम धरला होता.

एकच खोड राहिली होती. तिचं नाव कुणीही घेतलं तरी ती सुटायची. चाळीतली पोरं वरून केळ्याचं साल टाकून "डेझी!" ओरडायची आणि ही आपली धावली. साहेब यांना म्हणाला, "दौलत, परीक्षेत दुसरा कोणी नाव बोलला नि ही गेली, तर समदा वरस पाण्यात!" हे मान खाली घालून ऐकायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे.

आता ज्या वर्षाची मी गोष्ट सांगते ते वर्ष कसलं होतं ते सांगायला नको. मुंबईसकट महाराष्ट्र झालाच पाहिजे, भिंतीभिंतीवर तेच. फाउंटनला गोळीबार झाला आणि चाळीचा रंगच पालटला. आमच्या चाळीतलं पुढारपण नानांकडे. तिसऱ्या माळ्यावर कोपऱ्याच्या खोलीत राहायचे, त्यांची गॅलरी बरोबर मागच्या गल्लीवर. बंदी असलेली पत्रकं त्यांच्याकडे यायची आणि तिथून वाटली जायची. माणूस बोलायला लागला की अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगू? त्यांची बायको कालिंदी माझी जिवाभावाची. एक नारळ फोडला तर अर्धा तिचा.

मग शेजारच्या चाळीत पोलिसांची धाड पडली. पत्रकं सापडली, माणसं नेली. बातमी दिली कोणी?

आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या आमच्या खोलीकडे. दौलत भिंतीच्या भगदाडात कसली बोचकी लपवतो? शिट्टी कुणाला वाजवतो? हात डावीकडे उजवीकडे करतो त्या खुणा कुणाला? रविवारी बंदुका भरलेल्या जीपमधून कुठे जातो? ती कुत्री बदकं शोधते की पत्रकं? रानबदकाचा रस्सा मी ज्या ज्या घरी वाटीतून दिला होता, त्या घरच्या बायका नळावर म्हणायला लागल्या, पोलिसांकडचं बक्षीस होतं गो ते. शिरा पडो त्यांच्या तोंडार! हाडं चोखून खाल्ली होती मेल्यांनी.

नळावर माझा हंडा रांगेतून मागे सरकायला लागला. कालिंदी समोरून आली की पदर सारखा करत जिन्यात वळायची. शेवटी चाळीची बैठक बसली. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "चळवळीच्या घरात साप नको. दौलतने महिनाअखेर खोली सोडावी." आणि बैठक उठली.

खोली सोडून जायचं कुठे? गावचं घर दिरांच्या ताब्यात. आणि खबऱ्या म्हणून चाळीतून काढलेल्या माणसाला लालबाग-परळात कोण दारात उभं करणार? माझा स्वभाव तर तुम्हाला सांगितलाच. मी यांना विचारलं, "खरं सांगा, साहेब तुमच्याकडून चाळीतलं काही काढून घेतो का?"

हे डेझीचे कान पुसत होते. हात थांबला. "तुका पण तसाच वाटता?" एवढंच म्हणाले. मला त्यांचं तोंड बघवेना. पण संशय गेला असं नाही, तो नुसता कोपऱ्यात जाऊन बसला.

परीक्षा रविवारवर आली होती. त्याच आठवड्यात एका सकाळी हे गल्लीच्या तोंडाशी डेझीला घासूनपुसून लख्ख करत होते आणि मी मागच्या खिडकीत तांदूळ निवडत होते. पुढच्या फाटकात गाड्या थांबल्या, बुटांचा आवाज आला. पोलीस! आणि त्याच क्षणी वरून काहीतरी गल्लीत येऊन पडलं. धप्प. गटाराच्या पलीकडे, मोडक्या पिंपामागे.

मी वर बघितलं. तिसऱ्या माळ्याच्या कोपऱ्यातून एक हात मागे गेला.

यांनीही बघितलं. आणि डेझीने तर बघितलंच. बसल्या जागी ताठ झाली, अंग थरथरतंय, डोळे पिंपावर. पण हलली नाही. हुकूम नव्हता ना!

पोलीस अंगणातून गल्लीच्या तोंडाशी आले. इन्स्पेक्टर मराठीच होता. कुत्री बघून थांबला, खूश झाला. "झकास जनावर आहे रे. नाव काय हिचं?"

हे गप्प.

"अरे, नाव विचारतोय मी."

हे नुसते खाली बघत राहिले. इन्स्पेक्टरचं हसू गेलं. नाव घेतलं की ती सुटणार, हे मला माहीत होतं. पण कुत्र्याचं नाव न सांगणारा माणूस पोलिसाला कसा दिसतो, तेही कळत होतं.

"नाव सांगायला काय लपवतोस? मुका आहेस?"

तेवढ्यात वरून आवाज आला. नाना कठड्यावर वाकले होते. पोलीस गल्लीतून लवकर हलावेत म्हणून जीव नुसता टांगणीला लागलेला त्यांचा. तिथूनच ओरडले, "डेझी, साहेब! डेझी नाव तिचं!"

सुटली! गटार ओलांडून पिंपामागे गेली आणि बोचकं तोंडात धरून, मान वर करून, मिरवत परत आली. यांच्यासमोर बसली आणि बोचकं अलगद यांच्या हातात दिलं. दाताची खूण नाही. कालिंदीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता तो. हिरवा, तांबड्या काठाचा. त्याच लुगड्यात ती माझ्या मंगळागौरीला आली होती.

इन्स्पेक्टरने गाठ सोडली. आत पत्रकं.

"कुणाची?"

वर गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. मला वाटलं, आता हे वर बोट करणार. का करू नये? ज्याने खोली सोडायला सांगितली त्याला का वाचवावं? माझ्या तोंडात नानांचं नाव अगदी आलं होतं. यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि डेझीला "बस" म्हणून जशी खूण करायचे तसा हात खाली केला. मी बसले हो. खिडकीतच मटकन बसले.

"माझी," हे म्हणाले.

यांना नेलं. डेझी वर बघत होती, तिसऱ्या माळ्याकडे.

रविवारी साहेबाने दुसऱ्या माणसाबरोबर तिला परीक्षेला नेली. तळ्याच्या काठावर बसून राहिली म्हणे. बदक पडलं, नाव घेतलं, शिट्ट्या मारल्या, ही जागची हलली नाही. वर्षभर जी खोड जात नव्हती ती गेली, आणि तीही नको तेव्हा. किताब गेला. साहेबाने तिला परत आणून माझ्या दारात सोडली, म्हणाला, "राखो तुमी. आता ती माझी नाय."

तुरुंगात मी भेटायला गेले आणि भांडभांड भांडले. जाळीपलीकडून हे हळूच म्हणाले, "नानाक न्हेल्यानी आसता तर चाळीतला काम कोण बघतलो? माका न्हेल्यानी तर एक कुत्री उपाशी ऱ्हवतली, इतक्याच." मी म्हटलं, आणि मी? तर हसले. रडू आलं मला, आणि रागही.

शिमग्याच्या तोंडावर सुटले. चाळीच्या फाटकाशी हार, गुलाल, घोषणा! हार घातला तो नानांनीच. बाकावर उभे राहून म्हणाले, "आम्ही सगळे फसलो! या पठ्ठ्याने पत्रकं आपल्या घरात जपली आणि आपल्याला थांग लागू दिला नाही!" टाळ्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांनी हाराखालून माझं मनगट घट्ट धरलं होतं. खोली सोडायचं आता कुणी बोलत नव्हतं. नळावर तर माझा हंडा पहिला!

पण डेझीला कोण सांगणार? दुसऱ्या दिवसापासून तिने धरलंच. नाना सकाळी मशेरी लावायला गॅलरीच्या कोपऱ्यात आले की ही गल्लीत जाऊन बसायची, मान वर, डोळे त्यांच्या हातावर. नाना आत गेले की उठायची. रोज. आधी लोक हसायचे, "नाना, टाका की काहीतरी तिला!" मग हळूहळू हसायचे थांबले. बघायला लागले. आमच्या चाळीला बघायला लागलं की थांबता येत नाही.

एक दिवस नाना तरातरा खाली नळावर आले. सगळी रांग तिथेच. "दौलत, ही कुत्री बांधून ठेव. सारखी माझ्याकडे का बघते?"

यांनी बादली खाली ठेवली. आवाजात राग नाही, काही नाही. "राग धरू नका, नाना. जिथून एकदा पडलं तिथून परत पडेल, म्हणून बघते. तिला तसंच शिकवलंय."

कालिंदीने आपला हंडा रांगेतून उचलला, सगळ्यांच्या मागे नेऊन ठेवला आणि पदराने तोंड झाकून घेतलं. नाना आले तसे जिना चढून गेले.

त्या दिवसापासून नाना मशेरी आत मोरीतच लावतात. डेझी मात्र अजून रोज सकाळी जाऊन बसते, आणि तिला कुणी हाक मारत नाही.